दुपारी मिटणारं पान

खानदेशात उन्हाची टंचाई कधी पडलेली नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की वर्तमानपत्रात बातमी येते, पण त्याचं नवल कुणाला वाटत नाही. झाडं सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात हे आपण शाळेत शिकलेलो असतो. त्यावरून साधा हिशेब निघतो की ऊन जितकं जास्त तितकं अन्न जास्त, म्हणजे मे महिन्यातली दुपार हा पानांच्या कामाचा कळस असणार. रावेर किंवा यावल तालुक्यातल्या केळीच्या बागेत दुपारी एकच्या सुमाराला शिरलं की हा हिशेब मोडतो. सकाळी सपाट पसरलेली पानं आता मधल्या शिरेवर दुमडलेली असतात आणि त्यांचे दोन्ही अर्धे भाग खाली लोंबत असतात. नवखा माणूस म्हणेल, बागेला पाणी कमी पडलं. पण ठिबकच्या नळीखालची माती चांगली ओली असते. दिवसातला सगळ्यात लख्ख प्रकाश डोक्यावर असताना पानानं स्वतःहून काम आवरतं घेतलेलं असतं. संध्याकाळी तेच पान पुन्हा उघडतं.

हे कोडं सोडवण्यासाठी आधी दुसरा एक प्रश्न विचारायला हवा. बागेतला चांगला घड वीस-पंचवीस किलो भरतो. हे वजन येतं कुठून?

‘खत-पाण्यातून’ हे बागायतदाराचं उत्तर निम्म्याहून अधिक बरोबर आहे, कारण घडाच्या वजनात तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त पाणीच असतं. ते बाजूला काढलं तर मोठ्या घडात पाचएक किलो कोरडा माल उरतो. त्यातला पालाश आणि इतर क्षारांचा वाटा जमिनीतून, म्हणजे खतातून आलेला असतो. केळी पालाशाची फार भुकेली, तरीही हा वाटा काही शे ग्रॅमच्या पलीकडे जात नाही. उरलेल्या सगळ्या पिठाचं आणि साखरेचं मूळ मातीत सापडत नाही.

सतराव्या शतकात यान व्हान हेल्माँट या फ्लेमिश वैद्यानं हाच प्रश्न विलोच्या झाडाला विचारला होता. २०० पौंड कोरडी माती कुंडीत भरून त्यात त्यानं ५ पौंडांचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं. माती पुन्हा वाळवून तोलली तर जेमतेम दोन औंस कमी भरली. मग झाड पाण्याचंच बनलेलं असतं, असा निष्कर्ष त्यानं काढला. निष्कर्ष चुकला, पण तराजू हाती घेऊन झाडाला जाब विचारण्याची त्याची रीत मला फार मोलाची वाटते. कुंडीभोवती हवा होती, ती काही त्यानं तोलली नाही. गंमत म्हणजे ‘गॅस’ हा शब्द वापरात आणणारा माणूसही हाच.

ती हवा आपण तोलून पाहू. आज हवेच्या दर दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ४२० रेणू असतात. म्हणजे एक घनमीटर हवेत हा वायू पाऊण ग्रॅमच्या आसपास, आणि त्यातला निव्वळ कार्बन जेमतेम ०.२ ग्रॅम. पाच किलो कोरड्या मालात साधारण दोन किलो कार्बन असतो. एवढा कार्बन गोळा करायला सुमारे १०,००० घनमीटर हवा पूर्णपणे निपटून काढावी लागेल. दहा बाय दहा बाय दहा फुटांची एक खोली धरली तर अशा साडेतीनशे खोल्यांची हवा एका घडासाठी खर्ची पडते. पानं, खोड, कंद आणि बुडाशी फुटलेली पिलं यांचा हिशेब तर यात धरलेलाच नाही. इतक्या विरळ वायूतून इतका माल उभा करायचा म्हणजे पानाला हवेशी सतत व्यवहार चालू ठेवणं भाग आहे.

पान हवेशी व्यवहार करतं हे कळायला हेल्माँटनंतर सव्वाशे वर्षं लागली. १७७१मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टलीला दिसलं की मेणबत्ती विझून ‘बिघडलेली’ बंद भांड्यातली हवा पुदिन्याच्या रोपामुळे पुन्हा जळणाला साथ देऊ लागते. १७७९मध्ये यान इंगनहूझनं दाखवलं की हे काम फक्त हिरवा भाग करतो आणि तोही फक्त उजेडात.

प्रकाश नेमकं काय करतो, हे थोडक्यात असं. पानातलं हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश शोषतं, हिरवा बराचसा परत धाडतं. शोषलेल्या ऊर्जेनं पाण्याचे रेणू फोडले जातात. त्यातला ऑक्सिजन बाहेर पडतो आणि ऊर्जा एटीपी व एनएडीपीएच या दोन रेणूंमध्ये साठते. प्रकाशाचं काम इथे संपलं. पुढे हीच साठवलेली ऊर्जा वापरून कार्बन डायऑक्साइडपासून साखर घडवली जाते. या दुसऱ्या टप्प्याचा नकाशा अमेरिकेत बर्कलीमध्ये मेल्विन कॅल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून, शेवाळावर प्रयोग करून काढला. १९६१चं नोबेल मात्र एकट्या कॅल्विनना मिळालं. बेन्सन यांचं नाव त्यात हवं होतं, असं आज या विषयातले पुष्कळ लोक मानतात, आणि ते मला पटतं.

आता अडचणीकडे येऊ. हवा आत यायला पानाला दारं लागतात. ही पर्णरंध्रं डोळ्यांना दिसत नाहीत. केळीच्या पानावर ती बहुतेक खालच्या बाजूला असतात. दार उघडलं की हवा आत येते, पण पानाच्या आतला ओलावाही त्याच दारानं बाहेर निसटतो. बाहेर हवा जितकी कोरडी आणि तापलेली, तितका निसटणारा ओलावा जास्त. केळी, कापूस, गहू, हरभरा यांसारखी पिकं कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवताना पाण्याचे साधारण चारशे-पाचशे रेणू गमावतात. मे महिन्यात केळीच्या एका झाडाला ठिबकनं रोज वीसएक लिटर पाणी द्यावं लागतं, त्यातलं जवळजवळ सगळं या दारांतून उडून जातं. दुपारी मुळं जेवढं पाणी ओढू शकतात त्यापेक्षा पानांतून जास्त उडू लागतं, तेव्हा झाड दारं लोटून घेतं. मुळाशी ओल असूनही पान दुमडतं ते यामुळेच. लोंबणाऱ्या पानावर ऊन तिरपं पडतं आणि खालच्या बाजूची रंध्रं आडोशाला जातात.

दार लोटलं म्हणजे पाणी वाचलं, पण आता आतली हवा संपत जाते. आणि इथे वनस्पतीसृष्टीतलं एक जुनं दुखणं उफाळून येतं. हवेतला कार्बन पकडून साखरेच्या साखळीत गुंफण्याचं काम रुबिस्को नावाचं विकर करतं. पृथ्वीवर सर्वांत विपुल असलेल्या प्रथिनांत त्याची गणना होते. इतकं विपुल असण्याचं एक कारण म्हणजे ते अतिशय मंद आहे. एका सेकंदात जेमतेम काही रेणू हाताळतं, म्हणून पानाला ते ढिगानं बाळगावं लागतं. मंदपणा एकवेळ चालला असता. पण त्याला कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक नीट ओळखता येत नाही. चुकून ऑक्सिजन पकडला की तयार होणारा पदार्थ निरुपयोगी ठरतो, आणि तो निस्तरताना आधी कमावलेला कार्बन पुन्हा हवेत सोडावा लागतो. याला प्रकाशश्वसन म्हणतात. पंचवीस अंशांच्या सुखद हवेतही केळीसारख्या पिकांची सुमारे पाव कमाई त्यात जाते. तापमान चढलं की चुका वाढतात. दार बंद असलं की आत कार्बन डायऑक्साइड घटतो आणि ऑक्सिजनचं प्रमाण चढं राहतं, म्हणून चुका आणखी वाढतात. त्यात भर म्हणजे रुबिस्कोला कामाला लावणारं एक मदतनीस प्रथिन आहे, ते चाळीस अंशांच्या आसपास स्वतःच ढेपाळतं.

रुबिस्कोला दोष देताना एवढं लक्षात ठेवायला हवं की ते घडलं त्या काळात, अब्जावधी वर्षांपूर्वी, हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. ओळखण्याची गरजच पडली नाही. पुढे हवा ऑक्सिजननं भरली तीही प्रकाशसंश्लेषणामुळेच.

तेव्हा जळगावची केळी मे महिन्यात खरी कमाई करते ती सकाळच्या काही तासांत. केळीचं मूळ घर आग्नेय आशिया आणि न्यू गिनीकडची दमट जंगलं. तिथलं झाड तापी खोऱ्यात आणून पोसायचं म्हणजे त्याला जंगलातला दमटपणा कुठून तरी विकत घेऊन द्यायला हवा. बागेच्या कडेनं लावलेली शेवरी किंवा गजराज गवत वाऱ्याचा जोर मोडतं आणि आतली हवा थोडी ओलसर राखतं, ते याचसाठी. वाऱ्यानं पान थोडंफार फाटलं तर फार बिघडत नाही. अरुंद पट्टी रुंद पानापेक्षा लवकर थंड होते. पण लोळवणारं वारं आलं आणि पानाच्या चिंध्या झाल्या की कमाई बुडते.

एक केळीचं झाड जन्मभरात तीस-चाळीस पानं काढतं. निसवण झाली, म्हणजे घड बाहेर पडला, की नवं पान येणं बंद. पुढचे तीन-चार महिने जी आठ-दहा निरोगी पानं हाताशी असतात, त्यांच्याच कमाईवर घड भरतो. म्हणूनच करप्यानं निसवणीनंतर पानं खाल्ली की फण्या लहान राहतात आणि माल अवेळी पिकू लागतो. बागायतदार करप्याला रोग म्हणून ओळखतो. पानाच्या बाजूनं पाहिलं तर ती निव्वळ क्षेत्रफळाची चोरी आहे. घडात साठतो तो बहुतांशी स्टार्च. पिकताना त्याची साखर होते, पण पिकणं हे पानाचं काम नव्हे. जळगावच्या वेफर्सला कच्चीच केळी लागतात, कारण कुरकुरीतपणा स्टार्चचा असतो.

पूर्वीच्या बसराई, श्रीमंती वगैरे वाणांच्या जागी १९९०च्या दशकापासून ऊतिसंवर्धित ग्रँड नैन आली. जळगावच्याच जैन इरिगेशननं ती रोपं आणि ठिबक दोन्ही शेतापर्यंत पोचवली. ‘जळगाव केळी’ला २०१६मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हे सगळं यश खरंच आहे. पण ते उभं आहे सातपुड्याच्या पायथ्याच्या बझाडा, म्हणजे गाळ-गोट्यांच्या, पट्ट्यात मुरलेल्या पाण्यावर, आणि रावेर व यावल हे तालुके भूजलाच्या अतिउपशाच्या यादीत गेलेले आहेत. घडासोबत बाजारात जातं ते पाणी फार थोडं. खरा खर्च पानांच्या दारांतून आकाशात होतो.

तापीच्या त्याच काळ्या जमिनीत, पाण्याची पाळी न देता, निव्वळ ओलीवर येणारं एक पीक आहे: दादर. खानदेशात रब्बी ज्वारीला हेच नाव. कळण्याच्या भाकरीत आणि बिबड्यांत जाणारी ज्वारी, खरिपात धुळे जिल्ह्यातल्या हलक्या जमिनीवर येणारी बाजरी, तसेच मका आणि ऊस यांनी रुबिस्कोच्या दुखण्यावर स्वतःचा इलाज काढलेला आहे. ही पिकं कार्बन पकडण्याचं पहिलं काम दुसऱ्या विकराकडे सोपवतात. त्याला ऑक्सिजनची भूल पडत नाही आणि हवेत कार्बन डायऑक्साइड थोडा असला तरी तो पकडता येतो. पकडलेला कार्बन चार कार्बनच्या आम्लात बांधून पानाच्या आतल्या, शिरेला लगटून असलेल्या पेशींत नेला जातो आणि तिथे मोकळा केला जातो. रुबिस्को त्या आतल्या पेशींतच ठेवलेलं असतं. आजूबाजूला कार्बन डायऑक्साइडची इतकी दाटी असते की चुकायला वाव उरत नाही. दार थोडंच किलकिलं ठेवलं तरी काम भागतं, म्हणून तेवढ्याच कमाईला पाणी निम्म्याच्या आसपास पुरतं. ज्वारीचं पान उजेडासमोर धरा. शिरा किती जवळजवळ आहेत ते दिसेल. प्रत्येक पेशीला शिरेचा शेजार लागतो, त्याची ती खूण.

हा मार्ग हॅच आणि स्लॅक या संशोधकांनी ऑस्ट्रेलियात ऊस तपासताना उलगडला आणि १९६६मध्ये मांडला. त्याआधी हवाईत उसावर काम करणाऱ्यांना त्याचा माग लागला होता. आणि त्याच्याही कितीतरी आधी, जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात हायड्रिला या पाणवनस्पतीचे बुडबुडे स्वयंचलित यंत्रानं मोजले. उन्हाळ्यातली हायड्रिला हिवाळ्यातल्यापेक्षा वेगळी वागते, मॅलिक आम्लातला कार्बन वापरते, असं त्यांना आढळलं. प्रकाशसंश्लेषणावरचं त्यांचं पुस्तक १९२४चं. मॅलिक आम्ल हेच त्या चार कार्बनवाल्या आम्लांपैकी एक, हे पुढे कळलं.

हा इलाज फुकट नाही. आम्ल बनवायला जादा ऊर्जा लागते. ऊन मुबलक असेल तिथे ती परवडते. थंड, ढगाळ मुलखात परवडत नाही. म्हणून जगातल्या वनस्पतींच्या जातींपैकी जेमतेम तीन टक्के या वाटेनं जातात, पण जमिनीवरच्या एकूण कमाईत त्यांचा वाटा पाव हिश्श्याजवळ आहे. दादर थंडीत येते, त्यामुळे तिला उष्णतेपेक्षा पाण्याच्या काटकसरीचा फायदा जास्त. बाजरीला दोन्हींचा. धुळ्याच्या बाजरी संशोधनातून ‘फुले आदिशक्ती’ आणि ‘फुले महाशक्ती’ हे संकरित वाण निघाले, ते याच पिकाचे.

कापूस मात्र केळीच्याच गटातला. त्याची पानं दिवसभर सूर्याकडे तोंड वळवत राहतात, म्हणजे प्रकाश जास्तीत जास्त घेतात आणि भरपूर पाणी सोडून स्वतःला थंड ठेवतात. पावसाळ्यात हे जमतं. पण कापसाच्या ओळींत शिरलेली हराळी, लव्हाळा आणि तांदुळजा ही तणं ज्वारीच्या गटातली आहेत. पावसाचा खंड पडला, ऊन तापलं की कापूस थबकतो आणि तण जोरात चालतं. निंदणीला आठ दिवस उशीर झाला तर एवढं तण कसं माजतं, याचं अर्धं उत्तर पानाच्या आत आहे.

तिसरा इलाज बांधावर आणि डोंगरउतारावर उभा आहे. फड्या निवडुंग आणि कोरफड दिवसा दारं घट्ट लावून बसतात आणि रात्री उघडतात. रात्री हवा थंड असते, ओलावा कमी निसटतो. पण रात्री प्रकाश नाही, म्हणून पकडलेला कार्बन आम्लाच्या रूपात साठवून ठेवायचा आणि दिवस उजाडला की बंद दाराआड त्याची साखर करायची. कार्बनच्या एका रेणूमागे पाण्याचा खर्च इथे पन्नास-शंभर रेणूंवर येतो. हे फार पूर्वी ध्यानात आलं ते जिभेला, आणि तेही भारतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत असलेले वनस्पतिज्ञ बेंजामिन हाइन यांनी पानफुटीचं पान चाखून पाहिलं: सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी किंचित कडवट. त्यांनी हे पत्रानं कळवलं आणि लंडनच्या लिनियन सोसायटीनं ते १८१५च्या सुमारास छापलं. रात्रभर साठलेलं आम्ल दिवसा खर्च होतं, एवढंच त्या चवीमागचं कारण. घरच्या कुंडीत पानफुटी असली तरी चाखण्याचा उद्योग करू नका. तिच्यात विषारी द्रव्यंही असतात.

शेतात आपसूक उगवणारी घोळ या सगळ्यांत उस्ताद. एरवी ती ज्वारीच्या वाटेनं चालते. पाणी तुटलं की निवडुंगाची वाटही धरते. एकाच पानात दोन्ही सोयी असणाऱ्या वनस्पती फार थोड्या, आणि आपण तिची भाजी करतो.

इतकं करून पानाच्या पदरात पडतं किती? साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर वीजप्रकल्प २०१३पासून चालतो. तिथल्यासारखी सौरपटलं अंगावर पडणाऱ्या ऊर्जेपैकी दहा ते वीस टक्क्यांची वीज करतात. शेजारच्या शेतातलं पीक वर्षभराच्या हिशेबानं एक टक्क्याच्या आसपास घुटमळतं. सिद्धांतानं पाहिलं तरी केळी-कापसाच्या गटाची कमाल मर्यादा साडेचार टक्क्यांजवळ आणि ज्वारी-बाजरीची सहा टक्क्यांजवळ. ही तुलना मला थोडी अन्यायाची वाटते. पटलाला कारखान्यात घडवावं लागतं आणि त्यावरची धूळ माणसानं पुसावी लागते. पान स्वतः स्वतःला घडवतं, दुरुस्त करतं, आणि त्याची कमाई महिनोन्‌महिने कणगीत टिकते.

शिवाय पानाची सगळी कमाई त्याची राहत नाही. झाडालाही जगायला साखर जाळावी लागते, आणि उकाड्याच्या रात्री ती जास्त जळते. मे महिन्यात रात्रीही पारा उतरला नाही की दिवसाची मिळकत अंधारात गळते. हिवाळ्यात दुसरंच संकट. धुळ्याकडे जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत घसरतो. गारठलेल्या केळीच्या पानात साखर घडवणारी विकरं सुस्त पडलेली असतात आणि सकाळी स्वच्छ ऊन मात्र थेट अंगावर येतं. हरितद्रव्य प्रकाश शोषत राहतं, त्या ऊर्जेला पुढे गिऱ्हाईक नसतं, आणि ती पानाच्याच यंत्रणेला इजा करते. पानं पिवळी पडतात, वाढ अडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावलेल्या केळीची, म्हणजे कांदेबागेची, रोपं तेव्हा अगदी कोवळी असतात. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, म्हणून थंडीच्या लाटेत बागेला रात्री पाणी द्यायचं आणि पहाटे बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा, असा सल्ला कृषी विभाग देतो.